प्रवचनाची गॅरंटी

बोलण्यात मला कुणी हरवून दाखवावं! हे मी गर्वाने नाही, अनुभवाने सांगतो आहे. आमच्या मालकांच्या गाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलण्यातच माझी हयात चालली आहे. बसथांबा कुठे आहे एवढंच विचारायला आत आलेल्या माणसाला मी डबलबेडची गादी विकली आहे! वर त्याच रंगाच्या दोन उशाही. तो बिचारा त्यानंतर बसमध्ये कसा चढला असेल, हा विचार मी आजवर मनात येऊ दिलेला नाही.

त्यामुळे सासरेबुवांचा आवाज गेला तेव्हा घरात सगळे हवालदिल झाले, मी मात्र निर्धास्त होतो.

आमचे सासरेबुवा म्हणजे प्रवचनकार. त्यांना सगळा मोहल्ला बाबा म्हणतो, मीही बाबाच म्हणतो. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. तिथे दर रविवारी सकाळी बाबांचं प्रवचन. लोभ, मत्सर, अहंकार, शेजारी, असे एकेक अवघड विषय! बाबांचा आवाज मुळातच मऊ, त्यात तिथला माइक त्यांच्याहून म्हातारा. मागच्या रांगेतल्यांना नुसते ओठ हललेले दिसायचे. तरी माणसं येत होती. हल्ली हल्ली थोडी कमी येत होती, तो भाग वेगळा. पण सासूबाई गेल्यापासून बाबांचा सगळा जीव त्या रविवारात. पुढच्या रविवारचा सदरा ते सोमवारी सकाळीच इस्त्री करून ठेवतात, यावरून काय ते समजा.

डॉक्टरांनी घशात टॉर्च मारून पाहिलं आणि निकाल दिला, "महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

ही बातमी हॉलच्या कमिटीच्या सचिवांना कळायला वेळ लागला नाही. ते संध्याकाळीच समाचाराला आले आणि खुर्चीत टेकायच्या आत म्हणाले, "बाबा, तुम्ही अगदी निवांत विश्रांती घ्या. रविवारची वेळ आपण व्यायामवर्गाला देऊन टाकू!"

"कुणाच्या?" माझ्या बायकोने विचारलं.

"माझ्या मेहुणीच्या. गाण्याच्या तालावर व्यायाम. आजकाल लोकांना तेच हवंय!"

आता हॉलची वेळ काय किंवा शेजाऱ्याला दिलेली शिडी काय, एकदा गेली की गेली! बाबांचा चेहरा असा उतरला की बघवेना. त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर माझ्या बायकोने झटकन त्यावर हात ठेवला. स्वतःची बाजू मांडायचीसुद्धा सोय नाही! म्हाताऱ्या माणसाची ती अवस्था पाहून मी ताडकन उभा राहिलो.

"वेळ सोडायची कशाला? बाबांचा आवाज परत येईपर्यंत मी करतो प्रवचन!"

बायकोने बाबांच्या तोंडावरचा हात काढला.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "अहो, तुम्ही आजवर एक तरी प्रवचन शेवटपर्यंत जागेपणी ऐकलंय का?"

"ऐकणं वेगळं, करणं वेगळं! न्हावी कुठे स्वतःचे केस कापतो?"

सचिव गालातल्या गालात हसले. "ठरलं तर मग! हॉल भरता ठेवलात तर रविवार बाबांचा. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर रविवार मेहुणीचा. चालेल?"

"पळेल!" मी म्हटलं.

बाबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ते जोरजोरात मान हलवत होते. मला वाटलं, आनंदाने.

विषय मी निवडला, राग. रागाचा मला दांडगा अनुभव आहे, म्हणजे लोकांना माझा येतो त्या रागाचा. रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला होता. जावईबापू काय दिवे लावतात हे पाहायला माणसं येणारच! बाबा पहिल्या रांगेत मधोमध, शेजारी माझी बायको, कोपऱ्यात सचिव रिकाम्या खुर्च्यांवर नजर ठेवून. मी घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"मंडळी, राग वाईट असतो!"

माना डोलल्या. वा! मी आणखी जोरात सांगितलं की राग फार वाईट असतो. मग रागाने तब्येत बिघडते, संसार बिघडतो, कपबशा फुटतात, असं सगळं धडाधड सांगून टाकलं आणि माझ्या लक्षात आलं की रागाबद्दल मला जे काही म्हणायचं होतं ते संपलं आहे! भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तर काटा हललाय की नाही अशी शंका यावी. आता विक्रेता गप्प बसला की गिऱ्हाईक उठलंच. मी आशेने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी हाताचा पंजा पालथा धरला आणि हळूच खाली दाबला.

मुद्दा! बाबा मुद्दा पुरवत होते! "राग आला की काय करायचं?" मी गरजलो. "खाली बसायचं!"

हॉल प्रसन्न झाला. बाबा मात्र दचकले आणि त्यांनी पंजा आणखी खाली, पार गुडघ्यापाशी नेऊन दाबला.

"आणि बसूनही भागलं नाही तर? आडवं व्हायचं!"

इथे माझ्यातला गादीवाला जागा झाला, मंडळी. मग मला कोण थांबवणार! "उभ्या माणसाचा राग असतो डोक्यात. बसला की उतरतो पोटात. आणि आडवा झाला की राग जातो कुठे? निघून जातो! झोपलेल्या माणसाला कधी भांडताना पाहिलंय? मग आहात तिथे, असाल तसे आडवे व्हा! घरी व्हा, दारी व्हा, कामावर व्हा!"

टाळ्या! खऱ्याखुऱ्या टाळ्या! बाबांनी मला हात जोडले. मीही वाकून त्यांना हात जोडले. मग त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. मी ओळखलं, लोक आता घरी जाणार, जाताना त्यांच्या पदरात काहीतरी ठोस घाल, असं ते सुचवताहेत. आणि जिभेला जी सवय होती तीच तिने केली.

"मंडळी, नुसतं ऐकून जाऊ नका, आठवडाभर वापरून बघा! फरक पडला नाही, तर सरळ माझ्या दुकानावर या. माझी गॅरंटी आहे! मी जातीने घरी येऊन बघीन!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माणूस किती हळवा आहे, असं माझ्या मनात आलं.

सोमवारी दुकान उघडून पाहतो तर दारात कोपऱ्यावरच्या घरातले काका आणि काकू उभे. दोघांची तोंडं दोन दिशांना.

"या या! कोणती दाखवू? कापसाची की स्प्रिंगची?"

"गादी नकोय," काकू म्हणाल्या. "गॅरंटी हवीय."

"म्हणजे?"

"काल तुमचं ऐकून घरी गेलो. गेल्या गेल्या यांच्याशी वाजलं. मला राग आला, मी आडवी झाले. हे म्हणाले, तू होतेस तर मीही होतो! हेही आडवे झाले."

"वा! मग भांडण मिटलं?"

"गॅसवर दूध होतं," काका म्हणाले.

"मग उठायचं ना!"

"आधी कुणी उठायचं?" दोघं एकदम म्हणाले, आणि त्यावरून पुन्हा जुंपली. भांडता भांडता दोघांनाही राग अनावर झाला आणि मी काही म्हणायच्या आत काका खिडकीजवळच्या गादीवर, काकू त्यांच्याकडे पाठ करून शेजारच्या गादीवर, अशी दोघं लंबी झाली.

हे कमी होतं म्हणून की काय, दुपारी बसस्थानकावरचा तिकीटबाबू आला. खिडकीत सुटे पैसे न देता हुज्जत घालणाऱ्या प्रवाशाचा त्याला राग आला होता आणि तो खुर्चीवरून उतरून जमिनीवर आडवा झाला होता. रांगेतल्यांना वाटलं बाबू बेशुद्ध पडला! आरडाओरडा झाला, अँब्युलन्स आली, "मला काही झालेलं नाही, मी राग घालवतोय" असं तो ओरडत राहिला, त्यामुळे त्याला डोक्याच्या डॉक्टरकडे नेण्यात आलं.

"तेही जाऊ द्या," तो म्हणाला, "मला एकच सांगा. स्ट्रेचरवर त्या वॉर्डबॉयचा मला भयंकर राग आला. आता जो माणूस आधीच आडवा आहे, त्याला राग आला तर त्याने काय करायचं?"

या प्रश्नावर मी त्याला उशी दाखवली. त्याने निराश होऊन एक गादी धरली.

मंगळवारी शाळेतल्या बाई आल्या. त्या वर्गात आडव्या झाल्या नव्हत्या, त्या फक्त टेबलाशी खाली बसल्या होत्या. पण मुलांनी कारण विचारलं आणि बाईंनी ते प्रामाणिकपणे सांगितलं. आता गृहपाठ म्हटलं की घराघरांत मुलं जमिनीवर आडवी होत होती! "आम्हाला राग आलाय," म्हणत होती. पालक बाईंकडे, बाई माझ्याकडे.

आमचे मालक सुरुवातीला फार खूश होते. दुकान भरलेलं, प्रत्येक गादीवर गिऱ्हाईक! त्यांनी रस्त्यावरच्या लोकांना दिसावं म्हणून पडदेही बाजूला केले. बुधवारी त्यांनी एका गादीजवळ जाऊन मधाळ आवाजात विचारलं, "कशी वाटते, साहेब?"

"गप्प बसा हो!" गादीवरचा माणूस म्हणाला. "आधीच डोकं फिरलंय!"

मालक माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. "ही काय भानगड आहे?"

मी सांगितली. मालकांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग ते सगळ्यात महागड्या गादीवर जाऊन आडवे झाले. तिथूनच म्हणाले, "गॅरंटी दिलीस ना? मग जा! घरोघर जा, पण ही माणसं उचल इथून!"

घरी येऊन मी बायकोपुढे डोकं धरून बसलो. "पण बाबांनीच तर मुद्दे सुचवले होते!"

"मुद्दे?" ती कपाळाला हात लावत म्हणाली. "अहो, पहिल्यांदा ते म्हणत होते, आवाज जरा खाली घ्या. मग म्हणाले, बसा आता खाली. मग हात जोडून म्हणाले, पुरे करा! आणि शेवटी दार दाखवलं!"

बाबा कोपऱ्यात बसून होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. शनिवारपर्यंत ही बोंब कमिटीत जाणार, सचिवांना आयतं कोलीत मिळणार आणि बाबांचा रविवार जाणार, तोही माझ्या तोंडामुळे! बाबा उठले. त्यांनी पायात कॅनव्हासचे बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि मला हाताने खूण केली. या वेळी मी बायकोकडून अर्थ विचारून घेतला.

"चला म्हणताहेत. गॅरंटी दिलीय ना."

पहिलं घर काका-काकूंचं. मी उंबरठ्यावरूनच सुरुवात केली. "हे बघा, दूध उतू गेलं यात दोष कुणाचाच नाही. म्हणजे तसा दोघांचाही आहे..." पुढचं मला बोलता आलं नाही, कारण आठवडाभरात पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं आणि ते मिळून माझ्यावर तुटून पडले.

बाबा मात्र आत जाऊन भिंतीजवळच्या लाकडी स्टुलावर बसले. नुसते बसले. काकूंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं आणि बोलायला लागल्या. काका मध्ये बोलले. बाबा एकदा इकडे मान हलवत, एकदा तिकडे. दूध केव्हाच मागे पडलं. मुलगी फोन करत नाही, इथपर्यंत गाडी आली, मग काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं आणि काका उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले. बाबा उठले, त्यांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही निघालो.

दारात मी काकूंना हळूच म्हटलं, "आज बाबांना बोलता येत नाही, त्यामुळे जरा..."

"बाबा एरवी तरी कुठे बोलतात?" काकू म्हणाल्या. "दर आठवड्याला येतात, त्या स्टुलावर बसतात, ऐकतात नि जातात."

"दर आठवड्याला?"

"तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं! रोज संध्याकाळी बाबा 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून निघतात, ते मला आणि माझ्या बायकोला फिरायला जाणं वाटत होतं. तिकीटबाबूच्या घरी गेलो तर तिथेही बाबांची ठरलेली खुर्ची होती. शाळेतल्या बाईंकडे तर त्यांच्यासाठी वेगळा कप होता. रविवारी तासभर सांगायचं आणि मग बाकीचे सगळे दिवस, सांगितलेलं कुणाला कुठे टोचतंय, कुणाला झेपत नाही, हे घरोघर जाऊन ऐकायचं! गॅरंटी देणारा मी पहिला नव्हतोच. फक्त माझ्यासारखी त्यांनी माइकवरून बोंबलून दिली नव्हती. त्या संध्याकाळी मी त्यांच्या मागून मुकाट चाललो. मुकाट हा शब्द माझ्या बाबतीत पहिल्यांदाच वापरला जातो आहे, याची नोंद घ्यावी.

रविवारी हॉल तुडुंब भरला. मागे माणसं उभी होती. बाबांच्या प्रवचनाला एवढी गर्दी कधी झाली नव्हती, पण ही तक्रारीची गर्दी होती. मी माइकपाशी पोचायच्या आत सचिवांनी तो हातात घेतला.

"हॉल भरता ठेवायचं ठरलं होतं, ते मी मान्य करतो. पण कशाने भरलाय बघा! शाळेतून फोन, बसस्थानकावरून फोन! हे प्रवचन नव्हे मंडळी, ही साथ आहे साथ! आणि बाबांविषयी आदर ठेवून सांगतो, त्यांचंही आता वय झालं. आवाज येईल, न येईल. माणसाने वेळेवर खाली उतरायला शिकलं पाहिजे. रविवारची वेळ व्यायामवर्गाला द्यावी, असा माझा ठराव आहे."

बाबा पहिल्या रांगेत बसले होते, सोमवारी इस्त्री केलेला सदरा घालून. त्यांनी मान खाली घातली.

ते बघितलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली! मला म्हणा ना काय म्हणायचं ते! मी बाह्या सरसावून व्यासपीठावर चढलो. "तुम्ही समजता कोण स्वतःला? ज्या माणसाने..."

"जावईबापू!" काकूंचा आवाज आला. "राग आलाय ना?"

"आलाय! भयंकर आलाय!"

"मग?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. तिकीटबाबू मान पुढे काढून बघत होता. आमचे मालकसुद्धा आले होते, तेही बघत होते.

"मग?" सगळा हॉल म्हणाला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सुटका नव्हती. मी व्यासपीठावर, माइकच्या वायरीशेजारी, धुळीत, चारचौघांत आडवा झालो.

हॉल खो खो हसत सुटला. आता खरं सांगतो, माझा राग गेला. पण तो आडवं झाल्यामुळे गेला, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. झालं असं की सचिवांचे पाय बरोबर माझ्या नाकासमोर आले आणि त्यांनी एका पायात निळा, एका पायात करडा मोजा घातला होता. सकाळी घाईघाईत, कदाचित झोप न लागून, असेच चढवले असणार. अशा माणसावर कसलं रागवायचं?

तेवढ्यात व्यासपीठाच्या पायऱ्यांवर कॅनव्हासचे बूट दिसले. बाबा वर आले. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, तिची नीट घडी केली आणि माझ्या डोक्याखाली ठेवली. जन्मभर लोकांना उशा विकल्या, पण मला अशी उशी कुणी दिली नव्हती. मग बाबा माझ्या शेजारीच, व्यासपीठाच्या कडेला पाय सोडून, हॉलकडे तोंड करून बसले. हसू हळूहळू थांबलं. ते बोलणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळे ऐकायला सरसावून बसले.

"आमची मुलगी दूर गेली ना," काकू आपणहून उठून म्हणाल्या, "तेव्हा घर खायला उठायचं. बाबा यायचे. त्यांनी काय सांगितलं ते मला आठवत नाही. यायचे, ते आठवतं."

"माझं आधीचं काम सुटलं तेव्हा," तिकीटबाबू म्हणाला, "घरी सांगायची लाज वाटायची म्हणून मी दिवसभर बागेत बसायचो. बाबांनी पाहिलं. डबा घेऊन माझ्याबरोबर बसायला लागले. शेवटी घरी सांगायला बरोबर आले." तो खाली बसला.

मग मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. अंगात व्यायामाचे कपडे, हातात पाण्याची बाटली. सचिवांचा चेहरा उजळला.

"मी यांची मेहुणी," त्या म्हणाल्या. "माझे मिस्टर आजारी होते तेव्हा रुग्णालयात बाबा त्यांच्या उशाशी बसायचे म्हणून मला अंघोळीला घरी जाता यायचं. मला नको बाई रविवार! भावोजी, तुम्ही मला विचारलं तरी होतं का?"

सचिवांनी माइक खाली ठेवला. ते स्वतःच्या मोज्यांकडे बघू लागले, आणि बहुधा रंगांचा तो घोळ तेव्हाच त्यांच्या लक्षात आला.

"व्यायाम शनिवारी घ्या," काकूंनी निकाल देऊन टाकला. "रविवारी आम्हाला बाबाच हवेत. आवाज असो नाहीतर नसो. महिनाभर मुके बसले तरी आम्ही येऊ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. माझी बायकोही रडत होती. मी पडल्या पडल्या म्हटलं, "आणि मी?"

"तुमचे तर फार उपकार झाले!" मेहुणीबाई म्हणाल्या.

मी कोपरावर उठलो. चला, कुणाला तरी कदर आहे!

"खरंच! आजवर आम्हाला वाटायचं, प्रवचन काय, कुणीही करील. मागच्या रविवारी कळलं की नाही करता येत!"

यावर हॉलने ज्या टाळ्या वाजवल्या, त्या बाबांना मिळालेल्या टाळ्यांपेक्षा मोठ्या होत्या. मी वाकून त्या स्वीकारल्या. दुसरं काय करणार?

पुढचे रविवार बाबा नुसते बसले आणि लोक बोलले. महिन्याने डॉक्टरांनी परवानगी दिली. आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमलो. इतक्या दिवसांनी पहिला शब्द काय येतो, म्हणून मी श्वास रोखून उभा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या त्यांच्या मऊ आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुम्ही माझ्यासाठी उभे राहिलात. मी विसरणार नाही." मी काहीतरी चटपटीत उत्तर देणार होतो, पण त्याऐवजी वाकून त्यांच्या पाया पडलो. बोलण्यात मला हरवणारा माणूस घरातच निघाला.

आता हॉलमध्ये रविवारी एक खुर्ची रिकामी नसते. बाबांचा आवाज पूर्वीइतकाच बारीक आहे, पण माणसं खुर्च्या पुढे ओढून बसतात. मात्र प्रवचनाच्या मध्ये बाबा कधी नुसते खाकरले की हॉलमध्ये एकदम घबराट पसरते. कुणी गरम पाण्याचा पेला घेऊन धावतं, कुणी खोकल्याची गोळी काढतं, सचिव तर स्वतःचा मफलर सोडून त्यांच्या गळ्यात घालतात. आणि मी बाबांना मदत करावी म्हणून जरा खुर्चीतून उठायला लागलो, की बायको शेजारून माझ्या शर्टाचं टोक गच्च धरते आणि बाबांचं पुढचं वाक्य सुरू होईपर्यंत सोडत नाही.